‘१४ ऑक्टोबर झाला का, सिस्टर?’



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वर्षावास संपत आलेला असेल. विहारातलं ग्रंथवाचन शेवटच्या खंडावर आलं असेल. पोरं धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरत असतील आणि दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाडीत कोण कोण बसणार याची यादी चालू असेल. मागोमाग शाळांना दिवाळीची सुट्टी, मग ६ डिसेंबर, मग १ जानेवारी. हे दोन-अडीच महिने आपल्या वस्तीत माणसांची नुसती ये-जा असते. पुण्या-मुंबईची पोरं घरी येतात, लेकी माहेरी येतात, ऊसतोडीला निघणारी माणसं जाण्याआधी भेटून घेतात.

मला आज अशा माणसांबद्दल लिहायचं आहे, जी या दिवसांत कुठेच जात नाहीत आणि ज्यांच्याकडे कुणी येत नाही.

प्रत्येक वस्तीत असं एखादं तरी घर असतं. नव्या सुनेने चुकून विचारलंच की भिंतीवरच्या जुन्या फोटोतल्या या बाई कोण, तर सासूबाई आवाज खाली आणतात. “धाकटी नणंद. डोक्यावर परिणाम झाला होता. संस्थेत टाकलीय.” टाकलीय! आपण कचरा टाकतो, तुटकी चप्पल टाकतो. माणसासाठीही तोच शब्द आपल्या तोंडात रुळलाय. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं हे मला माहीत आहे. पण ज्या माणसाला टाकलं, त्याचा सण कोण करणार, हा प्रश्न मग कुणाच्या मनातच येत नाही.

माझ्याही आला नव्हता. ती गोष्ट आधी सांगते.

जीएनएमचा डिप्लोमा करून मी आधी खासगी दवाखान्यात आणि नंतर काही वर्षं मानसिक आजार असलेल्या बायकांच्या एका निवारागृहात नोकरी केली. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण चूक संस्थेची नव्हती, माझी होती. तिथे साठीला टेकलेल्या एक बाई होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. फारसं बोलत नसत. आंघोळ, जेवण, गोळ्या, सगळं सांगितल्याप्रमाणे. ऑक्टोबर लागला तसं त्यांनी एक प्रश्न धरला. “१४ ऑक्टोबर झाला का, सिस्टर?” सकाळी विचारायच्या, दुपारी विचारायच्या, रात्रीची गोळी घेताना विचारायच्या. मी म्हणायची, “होईल हो अक्का, झोपा आता.” तारीख येऊन गेली तरी प्रश्न चालूच राहिला. मी रजिस्टरला नोंद केली: वेळेचं भान कमी, एकच प्रश्न वारंवार विचारते. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी ती नोंद वाचली आणि रात्रीची गोळी वाढवली. त्यांच्यासमोर माझी नोंद होती, त्यांनी त्यावरून निर्णय घेतला. त्यानंतर कितीतरी दिवस अक्का भर दुपारी पेंगत बसलेल्या असायच्या. दिवाळीला देणगीदार आले, अक्कांना नवी साडी नेसवून रांगेत बसवलं, हातात फराळाचा पुडा दिला. त्या झोपेतच होत्या.

मग ६ डिसेंबर उजाडला. सकाळच्या नाष्ट्याला अक्का आल्या नाहीत. मी बघायला गेले. त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर त्या दिवशीच्या पेपरातून फाडलेला बाबासाहेबांचा फोटो टेकवून ठेवला होता. समोर आदल्या दिवशी चहाबरोबर मिळालेली दोन बिस्किटं. मेणबत्ती नव्हती. हात जोडून बसल्या होत्या.

मी स्वतः बौद्ध. त्याच सकाळी घरी मेणबत्ती लावून, वंदना घेऊन मी ड्युटीवर आले होते. दोन महिने एक बाई मला आमच्या दोघींच्या सणाची तारीख विचारत होती आणि मी तिला भान नाही असं लिहिलं. तिला तारखेचं भान होतं. कामाच्या ठिकाणी मी माझी ओळख जरा झाकूनच ठेवायची, आडनावावरून कुणी काही विचारू नये म्हणून. तिचा प्रश्न मला ऐकू न येण्याचं तेही एक कारण असावं. मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी गोळी पुन्हा कमी केली. माझ्या मनावरचं ओझं मात्र तसंच राहिलं, आणि हा लेख त्यातूनच आला आहे.

सणाचा दिवस आतून कसा दिसतो

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला, आपण अजून सवयीने नगरच म्हणतो, हा विषय नवा नाही. नगर-शिर्डी रस्त्यावर शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दाम्पत्याची माउली सेवा प्रतिष्ठान ही संस्था आहे. रस्त्यावर फिरणाऱ्या मानसिक रुग्णांना जेवण पोचवण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि आज शेकडो निराधार बायका आणि त्यांची लेकरं तिथे राहतात. अरणगावला मानवसेवा प्रकल्प आहे. देहविक्रयात अडकलेल्या बायका, त्यांची मुलं आणि एचआयव्हीसह जगणारी माणसं यांच्यासाठी स्नेहालय १९८९ पासून काम करतं. ज्यांना घर राहिलं नाही अशांना राहायला जागा, औषध आणि सोबत देणारी अशी ठिकाणं आपल्या आसपास आहेत याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. तिथल्या मावशा आणि सेवक ऐन सणाला स्वतःची लेकरं घरी ठेवून ड्युटी करतात. हे आधी मान्य करू, मग पुढचं बोलू.

कोणत्याही निवारागृहात दिवाळीचे चार दिवस बहुतेक सारखेच असतात. अकराच्या सुमाराला गाडी येते. बॅनर लागतो. सगळ्यांना एका रांगेत बसवतात. साडी, ब्लँकेट किंवा फराळाचा पुडा हातात देतात आणि फोटो होतो. एखादं गाणं होतं, एखादं भाषण. साडेबाराला गाडी जाते. दुपारी दुसरी येते, पुन्हा फराळ. एका दिवसात चार ठिकाणचे लाडू-चिवडा आणि पुढे जानेवारीपर्यंत कुणी फिरकत नाही. संध्याकाळी स्टाफ कमी असतो, बाहेर फटाके वाजत असतात आणि आतमध्ये एखादी बाई गेटकडे तोंड करून बसलेली असते. जेवायला बोलावलं तरी उठत नाही.

नर्स म्हणून यातलं एक आधी सांगते. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः ओलान्झपिन आणि क्लोझापिनसारख्या, भूक वाढते, वजन वाढतं, रक्तातली साखर वाढू शकते. अशा माणसांना एका दिवसात चार पुडे गोड देणं म्हणजे प्रेमाने त्रास देणं आहे. तुम्हाला खाऊ न्यायचाच असेल तर फोन करून विचारा, थोडा न्या, फळं न्या, शेंगदाण्याची चटणी न्या. आणि डिसेंबरच्या एखाद्या रिकाम्या रविवारी न्या.

फोटोचंही एक सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संसदेने केला आणि २०१८ मध्ये तो लागू झाला. संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या मंडळांनीही फळवाटपाचे फोटो टाकताना हे आठवावं. आपल्या आईचा असा फोटो कुणी व्हॉट्सअॅपवर टाकला तर आपल्याला चालेल का, एवढं विचारलं तरी पुरे.

कायदा काय म्हणतो

याच कायद्याची आणखी काही कलमं मी वस्तीतल्या बैठकांत वाचून दाखवते. बाया थक्क होतात, कारण त्यांना वाटतं की संस्थेत गेलेल्या माणसाला कसलाच हक्क उरत नाही.

कलम १९ सांगतं की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला समाजात राहण्याचा, समाजाचा भाग असण्याचा हक्क आहे. केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने तिला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. अशांसाठी हाफवे होम, समूहघर अशी मोकळी ठिकाणं उभी करणं ही सरकारची जबाबदारी आहे. आपल्या राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. अशा रुग्णालयांत बऱ्या होऊनही घरचं कुणी न्यायला आलं नाही म्हणून अडकून पडलेल्या माणसांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्राला बजावलं की बऱ्या झालेल्या माणसांना भिकारीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं म्हणजे पुनर्वसन नव्हे.

कलम २० मध्ये तर रोजचं जगणंच लिहिलं आहे. स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क. सक्तीने गणवेश नाही. सक्तीने केस कापणं नाही. सक्तीने काम नाही, आणि काम केलं तर मोबदला. खाजगीपणा. करमणूक, शिक्षण आणि आपल्या धर्माप्रमाणे आचरण करण्याची सोय. कलम २६ प्रमाणे भेटायला आलेल्या माणसाला भेटण्याचा किंवा नाही म्हणण्याचा, वाजवी वेळी फोन करण्याचा आणि घेण्याचा हक्क आहे. मोफत वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

हे वाचताना मला एक गोष्ट जाणवते. ज्याला आपण घर म्हणतो, त्याचीच ही यादी आहे. आपल्या घरात आपण काय घालायचं ते आपण ठरवतो, कुणाला भेटायचं ते ठरवतो, सण कोणता करायचा ते ठरवतो. पत्रा गळत असला तरी ते घर असतं. उलट फरशी चकचकीत आहे, पण साडीचा रंगही दुसरा ठरवतो, तर ते कितीही चांगलं असलं तरी राहण्याची सोय एवढंच.

त्या जागेचं घर कसं होतं

अक्कांच्या प्रसंगानंतर मी संस्थेच्या प्रमुखांशी बोलले. ते समजूतदार होते. आम्ही एका वहीत प्रत्येक बाईच्या नावापुढे चार गोष्टी लिहायला सुरुवात केली. तिला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. तिच्या घरी कोणता सण मोठा होता. त्या दिवशी काय शिजायचं. आणि कुणाची आठवण काढते. औषधाच्या फाईलमध्ये यातलं काहीच नव्हतं. महिनाभरात कळलं की आमच्याकडे ईद करणारी एक आजी होती, नाताळ आठवणारी एक होती, धनगरवाड्यावरची एक होती जी दसऱ्याची वाट बघायची, आणि अक्का धरून तीन बौद्ध बायका होत्या.

पुढच्या वर्षी १४ ऑक्टोबरला आम्ही काही मोठं केलं नाही. एक पंचशील ध्वज, एक फोटो, तीन मेणबत्त्या. अक्कांना विचारलं, साडी कोणती? “पांढरी.” खायला काय? “खीर. तांदळाची. पातळ नको.” साखर बेताची घालून त्यांनीच ढवळत उभं राहून करवून घेतली. वंदनेला मी सुरुवात केली आणि दोन ओळींनंतर थांबले, कारण माझ्यापेक्षा अक्का पुढे होत्या. महिनोन्‌महिने पाच वाक्यं न बोललेल्या बाईने त्रिसरण-पंचशील एकदाही न अडखळता म्हटलं. ईदवाली आजी शेजारी बसून ऐकत होती. नंतर खीर खाताना म्हणाली, “तुझी पोरगी छान शिकलीय गं.” तिला वाटलं मी अक्कांची मुलगी आहे.

त्या दिवसाने अक्कांचा आजार गेला नाही. स्किझोफ्रेनिया खिरीने जात नाही, गोळ्या चालूच राहिल्या. पण त्या स्वतःहून आंघोळीला जाऊ लागल्या, आणि गोळी घेताना ही कशाची, ती कशाची असं विचारू लागल्या. स्वतःच्या औषधाबद्दल विचारणारा रुग्ण हा प्रत्येक नर्सला हवा असतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की सणासुदीला निवारागृहाचं घर करायचं असेल तर पुडा आणि माळा नंतर. आधी तिची स्वतःची वस्तू हवी. एक डबा, एक कप्पा, एक ताट, ज्यावर तिचं नाव आहे. मग तिची निवड हवी. मग तिचा स्वतःचा दिवस. आणि शेवटी तिचं माणूस. पहिल्या तीन गोष्टी संस्था करू शकते. चौथी फक्त वस्ती करू शकते. कितीही चांगली संस्था असली तरी तिला भाऊ विकत आणता येत नाही.

“टाकलं नाही हो ताई”

अक्कांच्या फाईलमध्ये भावाचा जुना नंबर होता. तो बंद लागला. त्यांच्या वस्तीतल्या विहारातून शोध घेतला तेव्हा सापडला. पहिल्यांदा फोनवर बोललाच नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, “टाकलं नाही हो ताई. दहा बाय दहाची खोली, दोन पोरी लग्नाच्या. ती रात्री ओरडायची. शेजारी दारावर दगड मारायचे. मी काय करू?”

मी त्याला दोष देऊ शकले नाही, तुम्हीही देऊ नका. गळणाऱ्या पत्र्याखाली, हातावर पोट असताना, एका आजारी माणसाला चोवीस तास सांभाळणं काय असतं ते मी पाहिलं आहे. त्यात दगड मारणारे शेजारी कोण होते? आपलेच. म्हणजे अक्कांना भावाने एकट्याने नाही टाकलं, वस्तीने मिळून टाकलं. आणि म्हणून परत जोडायचं कामही वस्तीने मिळून करायला हवं.

धम्मात हे नवीन नाही. पटाचाराची गोष्ट आपण वर्षावासात ऐकतो. नवरा, दोन लेकरं, आई-बाप, भाऊ, सगळं एकापाठोपाठ गेलं आणि ती भ्रमिष्ट होऊन, अंगावरच्या वस्त्राचंही भान न राहता श्रावस्तीत फिरत होती. लोक तिला हाकलत होते, कचरा फेकत होते. जेतवनात ती आली तेव्हाही लोकांनी अडवलं. तथागतांनी येऊ द्या म्हटलं, तिला भगिनी म्हणून हाक मारली. कुणीतरी आपलं उपरणं तिच्यावर घातलं. उपदेश त्यानंतर. आधी वस्त्र, आधी नातं. हीच पटाचारा पुढे विनयात अग्र भिक्खुणी झाली आणि लेकरं गमावलेल्या कितीतरी बायांना तिने सावरलं.

आणि अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूची गोष्ट. भगवंतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतलं आणि संघाला सांगितलं की इथे तुम्हाला आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? घर सुटलेल्या माणसांनी एकमेकांचं घर व्हावं, हीच तर निवारागृहाची कल्पना आहे.

आपल्या चळवळीतही ती आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह काढलं. धारवाडच्या वसतिगृहातल्या उपाशी लेकरांसाठी रमाईने हातातल्या बांगड्या दिल्या ही गोष्ट आपण २७ मेला आणि ७ फेब्रुवारीला सांगतो आणि डोळे पुसतो. ती लेकरं रमाईच्या पोटची नव्हती. घरापासून लांब राहणाऱ्यांची ती आई झाली. मग आपल्या वस्तीतली, आपल्याच रक्ताची अक्का आपल्याला परकी का?

सुट्टीला घरी आणणार असाल तर

ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या माणसाला दोन-चार दिवस जरूर घरी आणावं. पण तयारीने. नर्स म्हणून हे नीट सांगते.

आधी त्या माणसाला विचारा, यायचं आहे का. नाही म्हटलं तर रुसू नका, तुम्ही भेटायला जा. डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि जेवढे दिवस नेणार त्यापेक्षा दोन दिवसांच्या गोळ्या जास्त घ्या, कारण सणात एसटी चुकते. कोणती गोळी कधी, हे कागदावर लिहून घ्या आणि घरातल्या एकाच माणसाकडे जबाबदारी द्या.

बरी दिसते म्हणून गोळी बंद करू नका. बरी आहे ती गोळीमुळेच. क्लोझापिनची गोळी दोन दिवस चुकली तर मनाने पुन्हा पहिल्याइतकी सुरू करू नका, डॉक्टरांना फोन करा. लिथियम चालू असेल तर पाणी भरपूर प्यायला द्या आणि अंग दुखतं म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळी आणून देऊ नका. हात जास्त थरथरणं, उलट्या, जुलाब, झोकांड्या जाणं, असं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. दारू बिलकुल नको, “आज सण आहे, एक घोट” म्हणणाऱ्या पाहुण्यालाही आधीच सांगून ठेवा.

झोप जपा. काही मानसिक आजारांत दोन रात्री जागरण झालं तरी आजार उलटू शकतो. इथे आपल्या तरुण मंडळांना हात जोडून विनंती आहे. रात्री उशिरापर्यंत डीजे लावून भिंती हादरवणं हा बाबासाहेबांचा सन्मान नाही. त्या आवाजात तान्ही लेकरं, म्हातारी माणसं आणि मानसिक आजारातून सावरणारी माणसं अक्षरशः थरथरतात. गर्दीच्या मिरवणुकीला किंवा दीक्षाभूमीच्या लाखोंच्या गर्दीत पहिल्याच वर्षी अशा माणसाला नेऊ नका. घरातली छोटी वंदना पुरे. आणि घरी आल्यावर “पूर्वी कशी होतीस आणि आता बघ” असलं काही बोलू नका. कांदा चिरायला द्या, नातवाला मांडीवर द्या. पाहुणी करून कोपऱ्यात बसवू नका.

परत सोडायला जाताना पुढच्या भेटीची तारीख सांगा, आणि सांगितली तर पाळा. येतो म्हणून न येण्याने जे नुकसान होतं ते न येण्यापेक्षा मोठं असतं.

अडचण आली तर टेली-मानस या सरकारी मोफत सेवेचा नंबर १४४१६ आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. अपंगत्वाचा दाखला आणि संजय गांधी निराधार योजनेसाठीही अर्ज करता येतो.

ज्यांचं कुणीच नाही त्यांचं काय

बेल्जियममध्ये गील नावाचं एक गाव आहे. तिथली साधी शेतकरी कुटुंबं शेकडो वर्षांपासून मानसिक आजार असलेल्या परक्या माणसांना घरात ठेवून घेत आली आहेत. १९३० च्या दशकात तर त्या एका गावात असे साडेतीन हजारांहून जास्त लोक राहत होते. आपल्या देशात चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेने ‘होम अगेन’ नावाने चार-पाच बायकांना साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहायला देण्याचं काम सुरू केलं. त्या स्वतः बाजार करतात, स्वयंपाक करतात, भांडतात, सण ठरवतात. मदतीला एक कार्यकर्ती असते. म्हणजे हे होऊ शकतं.

आपण लगेच एवढं करू शकणार नाही. पण एक विहार एका निवारागृहाशी नातं जोडू शकतो. महिन्यातून एकदा दोघी-तिघींनी जायचं, त्याच त्याच, म्हणजे चेहरे ओळखीचे होतात. केस विंचरायचे, गप्पा मारायच्या, कुणाची वंदना असेल तर घ्यायची, कुणाची ईद असेल तर मुबारक म्हणायचं. कुणाला आपल्यात ओढायला जायचं नाही. ज्याचा त्याचा दिवस ज्याला त्याला मिळवून द्यायचा. संस्थेच्या नियमांप्रमाणे, परवानगीने. “आमचंच भागत नाही” असं कुणी म्हणेल. यात पैसे लागत नाहीत, एसटीचं भाडं आणि एक दुपार लागते.

अक्का घरी परत कधीच गेल्या नाहीत. पण भाऊ वर्षातून दोनदा येऊ लागला, १४ एप्रिलला आणि १४ ऑक्टोबरला. तासभर बसायचा. बरोबर घरून वाटीभर खीर आणायचा. अक्का चाखून दर वेळी म्हणायच्या, “पातळ झाली.” काही वर्षांनी त्या गेल्या. भावाने वस्तीत पुण्यानुमोदन ठेवलं, पत्रिका छापली. त्यावर अक्कांचं पूर्ण नाव होतं. वस्तीतली तरुण पोरं विचारत होती, “दादा, ही तुमची बहीण होती? कधी पाहिली नाही.”

ही वेळ आपल्यावर येऊ नये. यंदा वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन फिराल तेव्हा प्रत्येक दारात एक प्रश्न जास्तीचा विचारा: तुमच्या घरातलं कुणी संस्थेत, आश्रमात, रुग्णालयात राहतं का? आवाज खाली न आणता विचारा. नाव लिहून घ्या. ती यादी विहारात ठेवा आणि अश्विन पौर्णिमेच्या आत त्यातल्या एकाला तरी भेटून या.

कदाचित तिकडे कुणीतरी सिस्टरला तारीख विचारत असेल.

जय भीम!